जुन्या फ्रिजला बियरचा नळ: भोक कुठे पाडू?

दर्याकिनारी, मालवण: घरी जुना सिंगल डोअर पडलाय, त्यात १९ लिटरचा केग (बियरची टाकी) आणि सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर बसवून नळ काढायचाय. बाजूने काढू की दारातून?

काजूबाग: बाजूला ड्रिल लावू नको रे बाबा! बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याआड कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी) गॅसची नळी असते, मी घाईत तीच फोडली, फुस्स करून गॅस गेला आणि फ्रिजचं कपाट झालं (आई आता त्यात आमसुलं ठेवते). दारातूनच काढ.

खाडीकाठ: आधी केगच्या मापाचा पुठ्ठा आत उभा करून बघ, मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा नडतो. बियर ३-४ अंशांवर ठेव, गॅसचा दाब १०-१२ पीएसआय, केगपासून नळापर्यंतचा पाइप २-३ मीटर, आखूड ठेवलास तर ग्लासात नुसता फेस. आणि भोकाच्या कडेला प्रायमर मार, खारी हवा पत्रा खाते.