गोड्या पाण्यासाठी पल्स इंडक्शन नकोच

तळ्यात वापरायला जोडीचा, म्हणजे राखीव मेटल डिटेक्टर म्हणून काहीजण पल्स इंडक्शन (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारा प्रकार) सुचवतात, तो मी घेणार नाही. त्याची खरी ताकद खाऱ्या पाण्यात आणि काळ्या, लोहकणांच्या वाळूत दिसते. गोडं पाणी फारसं वीजवाहक नसतं, त्यामुळे साधा एका फ्रिक्वेन्सीचा व्हीएलएफसुद्धा (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा नेहमीचा डिटेक्टर) तिथे खोटे आवाज न करता शांत चालतो. शिवाय पोहण्याच्या जागी खिळे, गळ, बाटल्यांची झाकणं खच्चून पडलेली असतात. पल्स इंडक्शनला सहसा लोखंड वेगळं ओळखता येत नाही, मग सगळा वेळ चिखल उपसण्यातच जातो.

त्यापेक्षा गॅरेट एटी प्रो हा व्हीएलएफ डिटेक्टर बघा: १५ किलोहर्ट्झ, ३ मीटरपर्यंत जलरोधक, आणि मुख्य म्हणजे साधे एए सेल. चार्जिंग संपलं म्हणून राखीव यंत्रही बंद, असं व्हायला नको! मात्र डोकं पाण्याखाली जाणार असेल तर त्याचे जलरोधक हेडफोन वेगळे घ्यावे लागतात.