फ्रीज कितीही पुसला तरी कुबट वास परत येतो, आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, आमचा डबल डोअर फ्रीज आहे, आठ वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी सगळं बाहेर काढून पुसते, लिंबू कापून ठेवून झालं, वाटीत सोडा ठेवून झाला, दोन-तीन दिवस बरं वाटतं आणि मग दार उघडलं की तोच वास. त्यात गेल्या महिन्यापासून भाजीच्या ट्रेखाली पाणी साचायला लागलंय, रोज सकाळी फडका पिळावा लागतो. सासूबाई नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्यात त्यामुळे शिळंपाकं, बुरशी ह्याची फार धास्ती वाटते. मागच्या वेळी गडबडीत गारेगार काचेचा कप्पा तसाच कढत पाण्याखाली धरला तर टक् आवाज होऊन कोपऱ्यापासून तडा गेला, तेव्हापासून धुवायचीही भीती बसलीय. हे पाणी येतं कुठून आणि पुसायचं कशानं, कोणी नीट सांगेल का?

स्पॅनर१३:
ताई, वास आणि पाणी ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीयेत, एकच आहे बहुतेक. मी रिपेअरिंगचंच काम करतो, हे रोज बघतो. आतल्या मागच्या भिंतीवर दव धरतं, ते ओघळून खाली येतं, तिथं एक बारीकशी पन्हळ असते आणि पन्हळीच्या मधोमध भोक. त्या भोकातून नळीनं पाणी बाहेर मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या गरमीनं उडून जातं. भोकात कचरा अडकला की पाणी उलटं आतच उतरतं आणि त्या नळीत जो बुळबुळीत थर साचतो ना, वास त्याचाच. कप्पे कितीही घासा, तो तिथंच राहतो.

आधी प्लग काढा, नुसतं बटण फिरवून चालत नाही. भाजीचे ट्रे काढून मागच्या भिंतीच्या तळाशी बॅटरी मारून बघा. भोक दिसलं तर बिनसुईच्या सिरिंजनं कोमट पाणी हळूहळू सोडा, वरचा कचरा कानात घालायच्या कापसाच्या काडीनं उचला. तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, नळी निसटली तर पाणी भिंतीच्या आतल्या थर्माकोलसारख्या थरात मुरतं आणि मग काम वाढतं. काही मॉडेलला हे भोक फ्रीजरच्या मागच्या पॅनलच्या आत असतं, बाहेरून दिसतच नाही, तसं असेल तर पॅनल उघडायच्या फंदात न पडता मेकॅनिकला बोलवा.

आणि मागचा ट्रे, तो तर कोणी वर्षानुवर्षं बघतच नाही. प्लग काढून फ्रीज सावकाश पुढे ओढा, थोडा वेळ थांबा कारण कॉम्प्रेसर चटका बसेल इतका तापलेला असतो, मग ट्रे पुसा. मागे काळी जाळी असेल तर तिच्यावरची धूळही मऊ ब्रशनं झाडून घ्या, धुळीनं गरमी बाहेर पडत नाही आणि मशीन जास्त वेळ चालत राहतं. जाळी नसेल तर कॉइल बाजूच्या पत्र्याच्या आत असते, तिथं साफ करायचं काही नाही, फक्त भिंतीपासून जागा सोडा. प्लग परत लावायच्या आधी निदान पाच मिनिटं जाऊ द्या.

बर्फाळवाट:
वरचं सगळं बरोबर, मला फक्त बर्फाबद्दल कळकळीनं सांगायचंय. ज्यांचा जुना सिंगल डोअर आहे त्यांनी फ्रीजरचा बर्फ सुरीनं खरवडू नका हो. आमच्या घरात बर्फाचा नुसता खडक झाला होता, मी सुरीचं टोक घातलं आणि फुस्स असा आवाज आला, पत्र्याला इवलंसं भोक, सगळा गॅस गेला आणि फ्रीज कायमचा बंद. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो ज्वलनशील आहे, त्यामुळे असं झालंच तर खिडक्या उघडा, जवळ गॅस, काडी पेटवू नका आणि बटणांना पण हात लावू नका. बर्फ साधारण अर्धा सेंटीमीटर झाला की डिफ्रॉस्ट करून टाकायचा, आत कोमट पाण्याचं भांडं ठेवून दार उघडं ठेवलं की तो आपोआप सुटतो.

दोनचमचे:
पुसायचं म्हणाल तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, त्यावर साध्या पाण्याचा फडका, मग कोरडा. वासासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा. काच आधी बाहेर काढून घरातल्या हवेला येऊ द्या, मगच धुवा, तडा त्या एकदम बदलानं जातो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही वापरू नका, क्लोरीन वायू निघतो, तसंच ब्लीच आणि अमोनियावालं काच पुसायचं लिक्विडसुद्धा नको. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशनं साफ करा, मग दारात एक कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निसटला तर रबर सैल झालंय.

सासूबाईंसाठी एक महत्त्वाचं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो, वयस्कर, गरोदर आणि अशक्त माणसांना तो जास्त त्रास देतो. म्हणून आत ४ अंश किंवा त्याखाली आणि फ्रीजर उणे १८ ठेवा. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवून बघा. साफसफाई चालू असताना नासणारं सामान दोन तासांच्या वर बाहेर नको. कच्चं मांस-मासे असतील तर झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही.

पाऊसवेडी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, रविवारी केलं सगळं. भोक दिसलं, त्यात पालेभाजीचं एक देठ काळं पडून आडवं बसलं होतं आणि त्याच्याभोवती करडा शेवाळासारखा गोळा. तिसऱ्या सिरिंजला गुडुप आवाज झाला आणि मागे ट्रेमध्ये पाणी पडल्याचं ऐकू आलं, इतकं बरं वाटलं! मागचा ट्रे तर उघड्यावर ठेवलेल्या डबक्यासारखा झाला होता, दोनदा घासला. आज चौथा दिवस, ट्रेखाली कोरडं आहे आणि वास नाही. थर्मामीटरनं मात्र ९ दाखवलं, इतके दिवस दूध लवकर का नासत होतं ते आता कळलं. बटण पुढं केलंय, आज सकाळी ५ वर होतं, अजून थोडं वाढवते. कागद वरच्या कोपऱ्यात सहज निसटतोय, ते रबर घरी बदलता येतं का स्पॅनर१३ दादा?

स्पॅनर१३:
आधी लगेच बदलू नका ताई. कोपरा आत वळलाय का बघा, तसं असेल तर गरम पाण्यात भिजवलेला फडका पिळून त्यावर धरा, रबर मऊ पडलं की बोटानं सरळ करा आणि दार बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी परत कागद लावून बघा आणि इथं कळवा. चिरलेलं असेल तरच नवीन, आणि ते तुमच्याच मॉडेल नंबरचं मागवा, तो नंबर आतल्या बाजूला स्टिकरवर असतो.