मदत हवी आहे: शाळेकडून काय हवे, हे मुलांना, शिक्षकांना आणि पालकांना कसे विचारावे?

नमस्कार.

पूर्व नागपुरातील महापालिकेच्या एका उच्च प्राथमिक शाळेत माझी मुलगी सहावीत शिकते आणि यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून दिले आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 22 प्रमाणे आमच्यासारख्या शाळेच्या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. तो तीन वर्षांचा असावा आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार व्हावा, अशी अपेक्षा असते. आजवर आमच्याकडे जुन्याच आराखड्यावर नवे वर्ष घालून सह्या घेतल्या जात. यंदा मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःच आग्रह धरला की मुले, शिक्षक आणि पालक यांना शाळेकडून नेमके काय हवे ते आधी विचारावे आणि मगच लिहायला बसावे. त्याप्रमाणे आम्ही विचारले. पुढे काय करावे, यासाठी मला अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

मुलांसाठी ग्रंथालयाच्या कपाटावर एक पेटी ठेवली होती. तिच्यात आलेल्या चिठ्ठ्या वाचताना समितीतील आम्ही सगळे पालक सदस्य गप्प झालो. सातवीतील अनेक मुलींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती: स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून जाताना मैत्रिणीला सोबत न्यावे लागते आणि ती बाहेरून दार धरून उभी राहते. मैत्रीण गैरहजर असेल तर काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह हा कायद्याच्या परिशिष्टातलाच निकष आहे आणि माहिती भरताना आमची शाळा तिथे ‘उपलब्ध’ असे लिहिते. ते खोटेही नाही, कारण खोली आहे, दार आहे, पाणी आहे. एका कडीसाठी मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

दुसरी मोठी तक्रार पाण्याची आहे. ‘टंकीचं पाणी लई गरम राहते, हात बी धुववत नाही,’ असे चौथीतील एका मुलाने लिहिले आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली तरी नागपूरच्या उन्हात गच्चीवरची टाकी दहा वाजताच तापलेली असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. त्याखालोखाल मागणी होती ती खेळाच्या तासाला गणित घेऊ नये ही, आणि चाचणीचे गुण सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नयेत ही.

इथेच माझी पहिली अडचण आहे. चिठ्ठ्यांवर नावे नव्हती, तरी वर्गशिक्षकांना अक्षर ओळखू येते आणि मुलांनाही ते ठाऊक असते. चिठ्ठ्या फक्त पालक सदस्यांनी वाचल्या, पण पेटीत जे पडलेच नाही त्याचे काय? शिक्षेविषयी एकाही मुलाने एक अक्षर लिहिलेले नाही. याचा अर्थ शाळेत शिक्षा होत नाही असा घ्यावा, की मुलांनी ते लिहिण्याचे धाडस केले नाही असा, हे मला ठरवता येत नाही.

शिक्षकांचे म्हणणे थोडक्यात मांडता येईल: त्यांना शिकवायला वेळ हवा आहे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण रोजच्या ऑनलाइन माहित्या, छायाचित्रे आणि अहवाल हे शाळेचेच काम धरले जात असल्याने ते या कलमात कुठेच बसत नाही. हे आमच्या समितीच्या हातात नाही. तरीही ते आराखड्यात नोंदवावे, असे माझे ठाम मत आहे.

पालकांचे चित्र सर्वांत अपुरे आहे. कळमना बाजारात हमालीला जाणारे पहाटेच घर सोडतात आणि घरकाम करणाऱ्या आयांना सकाळची पालकसभा जमत नाही. त्यामुळे उत्तरे आली ती बहुतांशी नेहमी बोलणाऱ्यांचीच. त्यांतली मुख्य मागणी पाचवीपासून सेमी इंग्रजीची, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची आहे. शिक्षकांचा तिला विरोध आहे, कारण अनेक मुलांच्या घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते आणि मराठी वाचनच अजून अडखळत चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते. मला शिक्षकांचे पटते. परंतु हमाली करणारा बाप जेव्हा म्हणतो की माझ्या पोरीला पुढे कॉलेजात इंग्रजीचे भय वाटू नये, तेव्हा त्याची मागणी चुकीची ठरवण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायला भीती वाटते, अशा लहान मुलांकडून खरे उत्तर मिळवण्याची कोणती पद्धत आपल्या शाळेत उपयोगी पडली? चित्रे काढून घेणे, बाहेरच्या एखाद्या ताईने गटात बोलणे, असे काही कोणी करून पाहिले आहे का? सभेला येऊ न शकणाऱ्या पालकांपर्यंत वस्तीत जाऊन पोहोचताना वेळ कोणती निवडावी आणि सोबत कोणाला न्यावे? सेमी इंग्रजीसारख्या मुद्द्यावर पालक आणि शिक्षक यांच्यात मतभेद असेल, तर आपल्या समितीने तो आराखड्यात कसा नोंदवला? आणि कडी, पाण्याचे माठ, टाकीवर सावली यांसारखी लहान खर्चाची कामे आराखड्याची वाट न पाहता करून घेण्यासाठी शाळेला वार्षिक खर्चासाठी सरकारकडून मिळणारे संयुक्त अनुदान वापरता येते का, आणि समितीचा ठराव कोणत्या शब्दांत लिहावा लागतो?

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत, जी भारताने 1992 मध्ये स्वीकारली, मुलाला स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा हक्क दिलेला आहे. समितीपुढे मी तोच आधार घेणार आहे, पण हक्काच्या पाठोपाठ चालणारी पद्धतही मांडता यायला हवी. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत समितीवर काम केलेल्यांनी, तसेच शिक्षकांनी, आपल्या आराखड्याचा नमुना दाखवला तर फार मदत होईल. मसुदा नोव्हेंबरअखेर समितीसमोर ठेवायचा आहे, त्यामुळे उत्तरे दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाली तर सुट्टीतच वस्तीतल्या भेटी ठरवता येतील.