मदत हवी आहे: ओपीडीचं सिम्युलेशन केलंय पण आकडे जुळतच नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑफिसचं काम बघते. म्हातारी माणसं सकाळच्या एसटीने येतात ती दुपारी दोनला औषधं घेऊन निघतात, रोज बघवत नाही हो. ट्रस्टी म्हणतात केसपेपरच्या खिडकीवर अजून एक माणूस घेऊ, रांग तिथे दिसते ना. मला वाटतं त्याने काही होणार नाही, पण नुसतं वाटून कोण ऐकणार, म्हणून बिझागी मॉडेलरमध्ये (कामाची आकृती काढून ती कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) अख्खी प्रोसेस काढली, केसपेपर, वजन-बीपी, डॉक्टर, लागली तर रक्त तपासणी आणि शेवटी औषध खिडकी.

आठवडाभर घड्याळ घेऊन बसले. साडेआठ ते साडेबारा साधारण १५० पेशंट येतात, केसपेपरला १ मिनिट, डॉक्टर ३ आहेत, एका पेशंटला सरासरी ४ मिनिटं. हे सगळं भरलं तर मॉडेल म्हणतं थांबायचा वेळ सरासरी ९ मिनिटं आणि डॉक्टर ६१ टक्केच बिझी!! इथे बाकावर जागा नसते. दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजली तर सरासरी ४० माणसं ताटकळत असतात. माझं काय चुकतंय? प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे.

प्रतिसाद १:
ताई, मोजमाप छान केलंत, त्यातच उत्तर आहे. लिटलचा नियम लावून बघा (१९६१ मध्ये सिद्ध झालाय), थांबलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबायचा वेळ. तुमचा वेग मिनिटाला ०.६२५, म्हणजे ४० माणसं असतील तर थांबणं तासाभराच्या वर जातं, ९ मिनिटं खरी असती तर बाकावर पाच-सहाच जण दिसले असते. तेव्हा तुमची मोजणी बरोबर आहे, मॉडेलमध्येच काहीतरी राहिलंय. डॉक्टर नक्की किती वाजता बसतात? आणि रिपोर्ट घेऊन पेशंट परत आत जातात का?

धागाकर्ती:
अरे देवा. डॉक्टर दहाला येतात आणि दोनपर्यंत असतात, मी सगळ्यांना साडेआठपासूनच धरलं. रिपोर्टवाले साधारण ५० जण परत जातात, २-२ मिनिटं, आकृतीत तो परत जायचा बाण मी काढलाच नाही.

प्रतिसाद १:
मग बघा, ३ डॉक्टर गुणिले २४० मिनिटं म्हणजे ७२०. काम ६०० (१५० गुणिले ४) अधिक १०० (५० गुणिले २) म्हणजे ७००. ६१ नाही, ९७ टक्के! इतकं भरल्यावर कोणी जरा उशिरा आलं तरी रांग फुगते. बिझागीत रिसोर्सला, म्हणजे इथे डॉक्टरांना, कॅलेंडर (कामाच्या वेळा) लावता येतं ते लावा, परतीचा बाण काढा.

प्रतिसाद २:
येणंही सारखं धरू नका, एसटी आली की वीस जण एकदम येतात. आणि एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका, निदान ३० रेप्लिकेशन्स घ्या, म्हणजे तेच मॉडेल ३० वेळा चालवा. आधी आजची परिस्थिती मॉडेलमध्ये जुळू दे, मगच बदल करून बघा. खिडकीवर दुसरा माणूस आणि एक डॉक्टर नऊला, दोन्ही वेगवेगळे चालवा.

धागाकर्ती:
कॅलेंडर आणि परतीचा बाण टाकून चालवलं, थांबायचा वेळ सरासरी ५८ मिनिटं आला!! दुसरा क्लार्क टाकला तर केसपेपरची रांग गेली पण तीच माणसं डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसली, एकूण वेळ जवळजवळ तेवढाच. आता एसटीच्या वेळा टाकते. एक विचारायचं होतं, बाजाराच्या दिवशी गर्दी वाढते, त्याचं वेगळं मॉडेल करू का त्याच मॉडेलमध्ये दुसरा सिनॅरिओ?