निर्बंध ‘शिथिल’ झाले म्हणजे नेमकं काय झालं?

सत्तरीकर:
गोव्यातल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेची स्मरणिका निघते आहे. करोनाकाळावरचा एक लेख इंग्रजीत आलाय आणि तो मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘ईझिंग ऑफ रिस्ट्रिक्शन्स’ आणि ‘स्कूल रीओपनिंग’, या दोन जागी अडलो. मी लिहिलं, ‘निर्बंध शिथिल झाले आणि शाळा पुन्हा उघडली.’ आईने वाचलं. तिने जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला. म्हणाली, “शिथिल म्हातारपणी गात्रं होतात. आणि शाळा उघडतो तो शिपाई. मुलं आली की ती भरते.” दोन्ही शब्द एका दमात बाद. काय लिहू?

पुण्यातला_डिचोलीकर:
‘शिथिल’ला काय झालंय? दंगलीनंतर ‘संचारबंदी दोन तास शिथिल’ हे वाचतच मोठे झालो आपण. नोकरीच्या जाहिरातीत तर ‘वयोमर्यादा ५ वर्षे शिथिलक्षम’ असतं. हा शब्द ज्या बाबूने घडवला त्याला माझा दंडवत.

निवृत्त_मास्तर:
उदाहरणं चोख, पण तुमच्यावरच उलटतात. दोन तास शिथिल म्हणजे तिसऱ्या तासाला पुन्हा दंडुका. वयाची अट शिथिल होते तेव्हा अट जागेवरच असते, फक्त पाच वर्षं पुढे सरकते. निर्बंध गेले असतील तर ‘उठले’ म्हणावं. पतंगाला ढील दिली म्हणून कोणी पतंग सोडून दिला म्हणत नाही, मांजा हातातच असतो. सत्तरीकर, लेख २०२० चा आहे की २०२२ चा? त्यावर शब्द ठरेल.

बेतूलची_सून:
मास्तर, आमच्याकडे पतंग नाही, होडी. भरतीला होडी धक्क्याला घट्ट बांधून गेलात की ओहोटीला ती दोराला लटकते. म्हणून सासरे पाणी उतरेल तसा दोर ‘सदळ’ करत. सोडत नसत. सोडला तर होडी गेली साळ नदीच्या मुखातून दर्यात. मला वाटतं इंग्रजीतलं ते ‘ईझिंग’ हेच आहे. पाणी बघून दोर सदळ करायचा.

कोशवाचक:
वा! आणि गंमत बघा, हा ‘सदळ’ म्हणजे शिथिलच. संस्कृत शिथिल, प्राकृतात सिढिल किंवा सढिल, तिथून एक वाट ‘ढिला’कडे गेली, दुसरी ‘सढळ’कडे. म्हणजे सत्तरीकरांच्या आईंनी पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा बेतूलच्या मागीलदाराने आत आला.

निवृत्त_मास्तर:
सढळ हाताने वाढणारी बाई ढिली असते असं म्हणायचंय का तुम्हाला? आमच्या घरी म्हणून बघा.

कोशवाचक:
मूठ सैल, म्हणून हात सढळ. आवळलेल्या मुठीतून कोण वाढणार?

बार्देशी:
तुम्ही शिथिलवर अडलात, माझं भांडण ‘टाळेबंदी’शी आहे. मी कारखान्यात युनियनचं काम केलेला माणूस. संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. मालकाने कामगाराला बाहेर ठेवायला गेटला लावलेलं ते टाळं. २०२० मध्ये माणसं घरात कोंडली आणि शब्द हाच. अर्थ नेमका उलटा केला. शिवाय टाळं कोण म्हणतं हो आपल्यात? कुलूप म्हणतो ना? कुलूपबंदी का नाही?

पुण्यातला_डिचोलीकर:
कुलूप तरी कुठलं आपलं? अरबी ‘कुफ्ल’ उलटापालटा होऊन आलेलं. आणि त्याची चावी पोर्तुगीज. शुद्ध मराठीत दार नुसतं लोटून घ्यावं लागेल. 😄

बार्देशी:
शुद्धाचा हट्ट नाही माझा. शब्दाला मालक होता, तो पुसला गेला, एवढंच. खाणपट्ट्यात विचारा. २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या, त्याला लोक ‘खाणबंदी’च म्हणतात. टाळेबंदी कोणी म्हटलं नाही, कारण टाळं मालकाने लावलेलं नव्हतं.

काणकोणची:
शब्द राहू दे, मूळ वाद सांगते. एप्रिल २०२० मध्ये गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले, आकडा शून्यावर आला. आमच्या वाड्यावर सगळे म्हणू लागले, आता उठवा. मग जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरली आणि तेच लोक म्हणाले, घाई केली. पुढे १ नोव्हेंबरला कॅसिनो सुरू, दहावी-बारावीचे वर्ग २१ नोव्हेंबरला. लहान मुलं घरीच. माझा भाचा रेंजसाठी डोंगराच्या कुशीत खडकावर बसायचा, वर छत्री. आजी-आजोबा घरात म्हणून शाळा नको म्हणणारेही आम्हीच, आणि मुलगा बाराखडी विसरला म्हणून रडणारेही आम्हीच. आता सांगा, यातलं काय ‘शिथिल’ झालं होतं?

निवृत्त_मास्तर:
कॅसिनोला मोकळीक, शाळेला शिथिलता. घ्या, तुमचे दोन शब्द दोन जागी बसले.

पुण्यातला_डिचोलीकर:
मास्तर, हे चर्चेत राजकारण आणणं झालं. कॅसिनो निम्म्या क्षमतेवर होते, म्हणजे तीही शिथिलताच.

सत्तरीकर:
तारीख विचारलीत म्हणून सांगतो. लेख फेब्रुवारी २०२२ चा आहे, पहिलीपासूनचे वर्ग सुरू झाले तेव्हाचा. आणि आईचं ‘उघडणे-भरणे’ तिथे मला फारच पटायला लागलंय. १४ फेब्रुवारीला विधानसभेचं मतदान. आमच्या शाळेच्या दोन खोल्या त्यासाठी झाडून, पुसून उघडल्या. मुलं आली २१ ला. म्हणजे शाळा आधी उघडली आणि आठवड्याने भरली!

पहिलीची खोली मतदानात नव्हती. २१ च्या सकाळी तिथल्या कुलपात चावीच शिरेना. टॉर्च मारून बघितलं तर कुंभारमाशीने भोकात चिखलाचं घर बांधलेलं. शिपायाने केसांच्या पिनेने माती कोरून काढली, तोवर पोरं पडवीत ओळीने उभी. शेवटी आत बसली. हजेरी सुरू झाली तर एक मुलगी उठून काय म्हणाली? “टीचर, म्हजो आवाज येता?”

बेतूलची_सून:
अगे बाय!

काणकोणची:
अनुवाद बाजूला ठेवा आणि हेच लिहा स्मरणिकेत.

निवृत्त_मास्तर:
लिहा, पण ‘शाळा भरली’ म्हणून त्या दोन वर्षांचं ऑनलाइन शिकवणं खोटं पाडू नका. आम्ही स्वयंपाकघरातल्या भिंतीवर फळा टांगून शिकवलंय, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती शाळा भरत नव्हती का?

कोशवाचक:
वर्ग ‘चालू’ होते, शाळा ‘बंद’ होती. दोन्ही एकाच वेळी खरं.

निवृत्त_मास्तर:
हे वकिली झालं.

बार्देशी:
टाळेबंदीचं कोणी उत्तर दिलं नाही.

पुण्यातला_डिचोलीकर:
चार वर्षं सगळ्या महाराष्ट्राने वापरला, झाला तो शब्द रूढ. हेच उत्तर.

बार्देशी:
महाराष्ट्राने. बरोबर.

बेतूलची_सून:
आता हे नको हं सुरू करू.

सत्तरीकर:
तूर्त लिहिलंय: ‘निर्बंध सैल होत होत उठले, आणि शाळा भरली.’ आई म्हणते ‘होत होत’ काढ. संपादक म्हणतात ‘सैल’ बोलीतलं वाटतं, शिथिलच ठेवू. त्यांनी परस्पर बदलून प्रेसला पाठवलंसुद्धा. आत्ता प्रूफ आलंय, त्यात छापलंय ‘शीथील’. दोन्ही दीर्घ. तेवढं धरून आणतो, मग बोलू.