मदत हवी आहे: पाटीवर लिहिलेले आता खरे राहिलेले नाही, पाटी उतरवावी की पाहुणे कमी करावेत?

मळेकर:
नमस्कार. आम्ही रसायने न वापरता शेती करतो आणि शेतावरच पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतो. प्रवेशाशी मी स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'ताटात पडते ते सारे याच मातीतले.' सुरुवातीला ते अक्षरशः खरे होते. गेले दोन महिने मात्र आठवड्यातून तीनदा भाजी बाजारातून येते आणि पाहुणे उठायच्या आत मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाते. काल एका लहान मुलीने 'जेवणातला टोमॅटो कुठल्या झाडाचा, ते दाखवा' असा हट्ट धरला. मी तिला वाफ्यापर्यंत नेले. तिथे पाच-सहा हिरवी, सुपारीएवढी फळे होती. ती काही बोलली नाही, पण तिची आई माझ्याकडे बघत राहिली.

पाहुणे कमी केले तर कर्जाचा हप्ता आणि माणसांचे पगार निघत नाहीत, आणि पाटी काढली तर लोक ज्यासाठी येतात तेच उरत नाही. 'धीर धरा' असे कृपया कोणी सांगू नये, कारण पुढच्या आठवड्यात सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत.

उंबरठा:
खोल्या किती, एका पंगतीला माणसे किती, लागवड किती, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. शिवाय माल एकूणच कमी पडतो, की सगळा एकदम येतो आणि नंतर महिनाभर वाफे रिकामे राहतात, हेही कळले पाहिजे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

गांडूळमित्र:
मूळ दुखणे जमिनीत असणार. कंपोस्टच्या ढिगात कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 राखा, ढीग 55 अंश सेल्सिअसच्या वर तापू द्या आणि वरखाली करत राहा. उत्पादन आपोआप वाढेल.

मळेकर:
मी मातीबद्दल विचारलेले नाही. खोल्या सहा आहेत (गेल्या वर्षापर्यंत तीन होत्या), लागवड पूर्वीइतकीच आहे. आणि हो, माल एकदम येतो.

उंबरठा:
खोल्या दुप्पट झाल्याची गोष्ट आपण कंसात उरकली आहे!

हिशेबनीस:
शेती आणि पाहुणचार यांची खाती आधी वेगळी करा. स्वयंपाकघराने शेताकडून बाजारभावाने माल विकत घेतला असे वहीत दाखवा, म्हणजे कोण कोणाला पोसते आहे ते दिसेल. अशा ठिकाणी खोल्यांच्या पैशांवर शेती चालते आणि मालकाला मात्र उलटे वाटत असते, हे मी जवळून पाहिले आहे.

चुलीपाशी:
वहीने वाफे भरत नाहीत. आमच्याकडे आठवड्याचे पदार्थ आधी ठरवणे बंद केले, तेव्हा निम्मा प्रश्न सुटला. सकाळी टोपलीत काय आले ते पाहून स्वयंपाक ठरतो. उरलेला निम्मा पेरणीचा आहे. मुळा 25 ते 30 दिवसांत, घेवडा 50 ते 60 दिवसांत हाती येतो, तेव्हा सगळे बी एकाच दिवशी टाकण्याऐवजी दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे पेरावे. भोपळे उबदार, कोरड्या जागी सुकवून ठेवले तर काही महिने टिकतात. बटाटे मात्र अंधारात ठेवावेत, नाहीतर हिरवे पडतात आणि टाकून द्यावे लागतात.

हिशेबनीस:
घेवडा आज पेरला तरी पुढच्या आठवड्याच्या ताटात येणार नाही. हप्ता त्याआधी येईल.

पाऊलवाट:
सेंद्रिय प्रमाणपत्र घ्या, म्हणजे कोणी शंका घेणार नाही. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान 2 वर्षांचा रूपांतरणाचा, म्हणजे जमीन सेंद्रिय पद्धतीकडे वळवण्याचा, काळ धरतात. अमेरिकेत काढणीपूर्वी 3 वर्षे निषिद्ध द्रव्ये वापरलेली चालत नाहीत.

चुलीपाशी:
प्रमाणपत्र शेतातल्या मालाला मिळते, मागच्या दाराने आलेल्या टोमॅटोला नाही. हे विचारले कोणी होते?

गांडूळमित्र:
मला गप्प केलेत, तरी एक विचारतो. खोल्या वाढल्यावर घाईने कच्चे शेणखत घातलेत का? पाहुणे पाने कच्ची खात असतील तर हा उत्पादनापेक्षा आरोग्याचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकासाठी कच्चे शेणखत काढणीच्या किमान 120 दिवस आधी, आणि इतर पिकांसाठी 90 दिवस आधी मातीत मिसळलेले असावे लागते. नीट तापलेल्या कंपोस्टचा आग्रह मी उगाच धरत नाही.

मळेकर:
सॅलडच्या वाफ्यात गेल्या महिन्यात घातले होते. तीच पाने पुढच्या आठवड्यात काढायची होती.

गांडूळमित्र:
ती पाहुण्यांना कच्ची देऊ नका. तो वाफा आता सोडून द्या.

उंबरठा:
म्हणजे पुढच्या आठवड्यात बाजारातला माल आणखी वाढणार. ज्यांनी खोल्या घेतल्या आहेत त्यांना आजच कळवा की अमुक भाज्या आमच्या आहेत, अमुक बाहेरच्या, आणि ज्यांना हे पटत नसेल त्यांना पैसे परत मिळतील. पाहुणे कमी करायचे की नाहीत, हे त्यानंतर ठरवता येईल.

मळेकर:
पाटी आज संध्याकाळी उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन उरला आहे. तिथे फळा लावून रोज सकाळी खडूने लिहिणार आहे. उद्याचे असे: शेतातले भोपळा, घेवडा, बटाटे, बाजारातले टोमॅटो, कांदे, सॅलडची पाने. निरोप सगळ्यांना गेले. दोघांनी पैसे परत मागितले आहेत. त्या मुलीच्या आईने मात्र उत्तरात एवढेच विचारले आहे, की मागच्या खेपेचे काय?

हिशेबनीस:
तिला काय उत्तर द्यायचे ते तुम्हीच ठरवा. पण हप्ता किती खोल्यांवर सुटतो, हे अजून लिहिलेले नाहीत. सहाच्या पाचच भरल्या तर चालेल का?