घरून अमेरिकन मेडिकल बिलिंगचं काम, क्षेत्र पूर्ण नवीन. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वाळवा तालुक्यात राहते. साखर कारखान्याच्या ऊस बिल विभागात नऊ वर्षं काम केलं. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून घरून करता येईल असं काम शोधलं. तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेतल्या डॉक्टरांची विम्याची बिलं वसूल करणाऱ्या एका कंपनीत लागले. विमा कंपनीने नाकारलेले किंवा कमी पैसे दिलेले क्लेम बघायचे, कारण शोधायचं, दुरुस्त करून परत पाठवायचे. वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की अजून एक तास पुढे.

जागरणाची सवय होईल. अडचण वेगळी आहे.

हिशेब मला परका नाही. उसाच्या बिलातली सोसायटीची वजावट, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम, हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. इथे मात्र आकडे ओळखीचे वाटतात आणि अर्थ निराळाच निघतो. गेल्या आठवड्यातलं उदाहरण देते, आकडे बदलून. डॉक्टरांचं बिल २४० डॉलर, विम्याने मंजूर केले १३२, त्यातले ३० पेशंटने द्यायचे, १०२ जमा. मंजूर न झालेल्या १०८ पुढे सीओ-४५ आणि ३० पुढे पीआर-३ असे विमा कंपनीचे कोड लिहिले होते. मी शेरा मारला, ‘१०८ पेशंटकडून येणे’. सुपरवायझरनी ग्रुपवर सगळ्यांसमोर एवढंच लिहिलं, ‘प्लीज रीड द कोड.’ डॉक्टरांचा विमा कंपनीशी दराचा करार असतो, त्यामुळे ते १०८ सोडूनच द्यायचे असतात, हे मला दुसऱ्या दिवशी शोधून कळलं. एखाद्या आजारी माणसाच्या नावावर नसलेलं देणं मी चढवत होते, हे मनातून जात नाही.

कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या तात्यांना विचारायचे, ‘या खात्याला वजावट दोनदा का लागलीय?’ चहा येईपर्यंत उत्तर मिळायचं. इथे शेजारी कोणी नाही, आणि ग्रुपवर लिहिलं की पंचवीसजण वाचतात. म्हणून हल्ली विचारायचंच टाळते, आणि एकेका क्लेमवर पाऊण तास जातो.

त्यात शिफ्टमध्ये टेबलावर कागद-पेन ठेवायची परवानगी नाही, पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. नियम पटतो. पण मी आयुष्यभर वहीत लिहूनच शिकले आहे.

घरून काम करणाऱ्यांनी किंवा याच क्षेत्रातल्यांनी सांगा: नवीन माणसाने विचारायचं कसं, किती वेळा? आणि वहीशिवाय हे डोक्यात कसं बसवायचं?

प्रतिसाद १

ताई, मी सहा वर्षं याच कामात आहे, पुण्यातून. सगळ्यात आधी कोडची दोन अक्षरं वाचा, नंबर नंतर. सीओ म्हणजे कराराचा भाग, पेशंटला हात लावायचा नाही. पीआर म्हणजे पेशंटचा वाटा: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ को-इन्शुरन्स, पीआर-३ को-पे. डिडक्टिबल ही वर्षाच्या सुरुवातीला पेशंटने स्वतः भरून संपवायची रक्कम, को-इन्शुरन्स हा त्यानंतरचा टक्केवारीतला वाटा, आणि को-पे ही दर भेटीला पेशंटने द्यायची ठरलेली रक्कम. बऱ्याच पॉलिसींचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तेव्हा पीआर-१ चा नुसता पाऊस पडतो.

मग तारीख बघा. मेडिकेअरला (अमेरिकन सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा विमा) उपचाराच्या दिवसापासून एक वर्षात क्लेम जावा लागतो, खासगी कंपन्यांची मुदत बहुतेक वेळा त्याहून कमी. सीओ-२९ आला तर मुदत टळलेली असते, म्हणून ज्यांची मुदत जवळ आलीय ते आधी घ्या.

विचारताना ‘कळत नाही’ असं लिहू नका. असं लिहा: ‘सीओ-१९७ आहे. क्लेमवर पूर्वमंजुरीचा नंबर नाही, फाईलमध्ये आहे. नंबर टाकून परत पाठवू का?’ समोरच्याला नुसतं हो किंवा नाही म्हणायचं असतं, लगेच उत्तर येतं. आणि सुपरवायझरना वेगळा मेसेज करून रोजची पंधरा मिनिटं मागा. दिवसभराचे प्रश्न साठवून तेव्हा विचारा.

वहीचं म्हणाल तर शिफ्ट संपल्यावर फक्त कोड आणि त्याचं कारण आठवून लिहा. पेशंटचं नाव, जन्मतारीख, क्लेम नंबर काहीही नको. तरी आधी सुपरवायझरना विचारून घ्या. आणि क्लेमचा मजकूर बाहेरच्या कुठल्याही एआयला चिकटवू नका. हिपा, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकन कायद्यात ते महागात पडतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसा मेसेज काल केला, सात वाजताची पंधरा मिनिटं मिळाली. वहीचंही विचारलं, नुसते कोड लिहायला हरकत नाही म्हणाल्या. पहाटे झोपायच्या आधी आठवून अकरा कोड लिहिले. सीओ-१६ मात्र अजून सुटत नाही. माहिती अपुरी आहे एवढंच म्हणतो, नेमकी कुठली ते कुठे बघायचं?

प्रतिसाद १

त्याच ओळीत एम किंवा एन अक्षराने सुरू होणारा आणखी एक कोड असतो, शेऱ्याचा. काय कमी आहे ते त्यात असतं.